ग्रोशियसने किलकिले ठेवलेले दार

एखादा राज्यकर्ता आपल्याच प्रजेवर उलटला, तिची गावे जाळू लागला, माणसे वेचून मारू लागला, तर शेजारच्या राज्याने काय करावे? दुसऱ्याच्या घरातील भांडण म्हणून स्वस्थ बसावे, निषेधाचे खलिते धाडावेत, की सैन्य घेऊन सरहद्द ओलांडावी? १९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले, तेव्हा हा प्रश्न आपल्याच उंबरठ्याशी येऊन उभा राहिला होता. पुढे कंबोडिया, रुवांडा, कोसोवो, लिबिया या नावांबरोबर तो पुनःपुन्हा जगापुढे आला. ‘मानवतावादी हस्तक्षेप’ हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांच्या वाचकांना आता परिचयाचा झाला आहे. परंतु असा हस्तक्षेप कायदेशीर मानावा काय, या वादाच्या मुळाशी गेले की सतराव्या शतकातील एका डच विद्वानाचे नाव पुढे येते. ते नाव ह्यूगो ग्रोशियस. त्याच्या आधी स्पेनमधील व्हितोरिया आणि इटलीतून इंग्लंडमध्ये जाऊन राहिलेला जेन्टिली यांनी या प्रश्नाला हात घातला होता, हे खरे. तथापि त्याला युद्ध आणि शांतता यांच्या संपूर्ण विचारात जागा करून दिली ती ग्रोशियसने. त्याचे चरित्र पाहिले म्हणजे हा प्रश्न इतका अवघड का आहे, हेही उलगडू लागते.

ग्रोशियसचा जन्म १० एप्रिल १५८३ रोजी हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी झाला. डच प्रांत त्या वेळी स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजाविरुद्ध बंड करून उठले होते. ग्रोशियस सव्वा वर्षाचा असताना त्याच्याच गावात बंडाचा नेता ऑरेंजचा विल्यम याचा खून झाला. पुढच्याच वर्षी, १५८५ साली, इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीने डचांच्या मदतीला सैन्य पाठविले आणि पीडित जनतेच्या साहाय्यार्थ आपण हे करीत आहोत, असा जाहीरनामाही प्रसिद्ध केला. परंतु राणीचे साहाय्य फुकट नव्हते. खर्चाचे तारण म्हणून फ्लशिंग आणि ब्रिल ही दोन मोक्याची बंदरे तिने आपल्या ताब्यात घेतली. ती सोडवून घ्यायला डचांना १६१६ साल उजाडले. ज्याच्या देशाला परकी मदतीने जीवदान मिळाले आणि त्या मदतीपोटी दोन शहरे एकतीस वर्षे गहाण राहिली, अशा देशात हा मुलगा वाढला.

मुलगा असामान्य बुद्धीचा होता. वडील डेल्फ्टचे नगराध्यक्ष आणि लायडन विद्यापीठाचे एक विश्वस्त. अकराव्या वर्षी ग्रोशियस त्या विद्यापीठात दाखल झाला. पंधराव्या वर्षी तो योहान व्हान ओल्डनबार्नफेल्ट या थोर मुत्सद्द्याबरोबर फ्रान्सच्या दरबारी गेला आणि त्याच मुक्कामात ऑर्लेआँ येथून कायद्याची डॉक्टरेट घेऊन परतला. सोळाव्या वर्षी हेगच्या न्यायालयात त्याने वकिली सुरू केली. लॅटिन कविता, नाटके, इतिहासलेखन हे सारे चालूच होते. अशा माणसाकडे मोठे पक्षकार येणार, हे ओघानेच आले. त्याच्याकडे आलेला मोठा पक्षकार होता डच ईस्ट इंडिया कंपनी.

फेब्रुवारी १६०३ मध्ये याकोब व्हान हेमस्केर्क या डच नौकाधिपतीने सिंगापूरजवळ ‘सांता कातारीना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले. चिनी रेशीम आणि चिनी मातीची भांडी यांनी ते खच्चून भरलेले होते. हा माल आम्स्टरडॅमच्या लिलावात तीस लाख गिल्डरांहून अधिक किमतीला गेला. कंपनीचे एकूण भांडवल सुमारे चौसष्ट लाख गिल्डरांचे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे एका जहाजाच्या लुटीचा अर्थ कळतो. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला ही उदाहरणे वर्गात फार उपयोगी पडतात. पण त्या वेळच्या काही भागधारकांना हा पैसा पचेना. व्यापारासाठी काढलेल्या कंपनीने चाचेगिरी करावी काय, असा त्यांचा सवाल होता. त्यांचे समाधान करण्यासाठी कंपनीच्या वतीने तरुण ग्रोशियसने एक मोठा ग्रंथ लिहिला. पोर्तुगीजांनी पूर्वेकडील राजांवर आणि व्यापाऱ्यांवर अन्याय केला आहे, डचांनी जोहोरच्या सुलतानाचे मित्र म्हणूनही शस्त्र धरले आहे, सबब ही लूट न्याय्य आहे, असा त्या विवेचनाचा रोख होता. दुर्बळाच्या वतीने लढण्याचा युक्तिवाद ग्रोशियसच्या लेखणीतून प्रथम उतरला तो असा, एका कंपनीच्या जमाखर्चाच्या समर्थनार्थ.

तो ग्रंथ त्याच्या हयातीत छापला गेला नाही. त्याचे हस्तलिखित १८६४ साली एका लिलावात सापडले. मात्र त्यातील एक प्रकरण १६०९ मध्ये ‘मुक्त सागर’ या अर्थाच्या लॅटिन नावाने निनावी प्रसिद्ध झाले आणि युरोपभर गाजले. हिंदी महासागर आपल्या मालकीचा आहे, असे पोर्तुगीज मानीत. गोव्यात बसलेल्या त्यांच्या व्हाइसरॉयच्या अमलाखाली परवाना घेतल्यावाचून आपल्या किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांना जहाज हाकारता येत नसे. ग्रोशियसने या मालकीलाच आव्हान दिले. समुद्र कोणाचाही नाही. पूर्वेकडील देशांना स्वतःचे राजे आहेत, स्वतःचे कायदे आहेत. ते ख्रिस्ती नाहीत एवढ्यावरून त्यांचे स्वामित्व नष्ट होत नाही. आणि जो देश शतकानुशतके जगाला ठाऊक होता त्याचा ‘शोध’ लावल्याचा हक्क कोणी सांगू नये, असे त्याने ठासून मांडले. त्या काळच्या युरोपात हे विचार निश्चितच उदार होते.

पण हाच ग्रोशियस १६१३ साली लंडनच्या वाटाघाटींत डचांची बाजू मांडायला बसला, तेव्हा चित्र पालटले. मसाल्याच्या बेटांवर इंग्रजांना व्यापार करू द्यावा, अशी मागणी होती. इंग्रजांनी त्याच्याच पुस्तकातील मुक्त व्यापाराची तत्त्वे त्याच्यापुढे ठेवली. त्यावर बेटांवरील लोकांनी आपला सगळा माल डचांनाच विकण्याचे करार केले आहेत आणि करार पाळलेच पाहिजेत, असे उत्तर त्याला द्यावे लागले. या करारांची अंमलबजावणी पुढे कशी झाली? जायफळ इतरांना विकल्याच्या कारणावरून १६२१ साली यान पीटरसन कून या डच गव्हर्नर जनरलने बांदा बेटांवर स्वारी केली आणि तेथील रहिवाशांची कत्तल करून, उरलेल्यांना गुलाम करून ती बेटे जवळजवळ ओस पाडली. या कृत्यात ग्रोशियसचा हात नव्हता. ती स्वारी सुरू झाली तेव्हा तो स्वतःच बंदिवान होता. तथापि विद्वानाने कोणासाठी युक्तिवाद करावा आणि तो युक्तिवाद कोणाच्या हाती पडतो, याचा विचार करताना बांदाचे स्मरण ठेवलेच पाहिजे.

तो बंदिवान कसा झाला? डच प्रांतांत कट्टर आणि नेमस्त अशा दोन धर्मपक्षांचा वाद पेटला होता. ओल्डनबार्नफेल्ट आणि रॉटरडॅमचा प्रमुख अधिकारी झालेला ग्रोशियस हे नेमस्तांच्या, सहिष्णुतेच्या बाजूचे होते. सेनापती मॉरिस याने कट्टरांची बाजू उचलली आणि ऑगस्ट १६१८ मध्ये दोघांनाही अटक झाली. ओल्डनबार्नफेल्टसाठी फ्रान्सच्या वकिलांनी हेगमध्ये रदबदली केली. हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, अशाच भावनेने ती बाजूला सारली गेली. १३ मे १६१९ रोजी एकाहत्तर वर्षांच्या त्या मुत्सद्द्याचा शिरच्छेद झाला आणि ग्रोशियसला जन्मठेप ठोठावून लुव्हेस्टाइनच्या किल्ल्यात टाकण्यात आले. आपल्याच राज्याच्या हातून होणारा अन्याय आणि त्यापुढे परक्यांच्या शब्दाची हतबलता या दोन्ही गोष्टी त्याने अशा जवळून पाहिल्या.

त्याच्या सुटकेची कथा डच मुलांना तोंडपाठ असते. पत्नी मारिया त्याच्याबरोबर किल्ल्यात राहत होती. अभ्यासासाठी पुस्तकांची मोठी पेटी बाहेरून येई आणि वाचून झालेली पुस्तके घेऊन परत जाई. पहारेकऱ्यांनी काही दिवस पेटी तपासली. पुढे कंटाळून सोडून दिली. ही ढिलाई मारियाने हेरली. २२ मार्च १६२१ रोजी पुस्तकांऐवजी नवराच पेटीत निजला. कुलूप लागले, शिपायांनीच पेटी उचलून नावेत ठेवली आणि एल्सये नावाची तरुण मोलकरीण धीराने तिच्याबरोबर पलीकडच्या गावी गेली. मारिया मागे किल्ल्यातच राहिली. गवंड्याचा वेष घेऊन ग्रोशियस अँटवर्पला आणि तेथून पॅरिसला पोचला. फ्रान्सच्या तेराव्या लुईने त्याला वर्षासन दिले. पण ते वेळेवर मिळेलच असा भरवसा नसे.

या निर्वासित अवस्थेत, पैशाच्या ओढगस्तीत, त्याने १६२५ साली युद्ध आणि शांतता यांच्या कायद्यावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ पुरा केला. मध्य युरोपात १६१८ पासून धर्मयुद्ध माजले होते. ते तीस वर्षे चालायचे होते. क्षुल्लक कारणावरून शस्त्रे उपसली जातात आणि एकदा उपसली की दैवी-मानवी कोणताही कायदा उरत नाही, ही त्याची व्यथा होती. युद्धातही कायदा असतो, हे त्याला सिद्ध करायचे होते. या कायद्याचे दोन आधार त्याने सांगितले. एक, मनुष्याच्या सामाजिक आणि विवेकी स्वभावातून निघणारा निसर्गसिद्ध कायदा. दुसरा, राष्ट्रांच्या संमतीतून आणि दीर्घ आचारातून घडणारा कायदा.

आपल्या प्रश्नाचे उत्तर या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या अखेरीस आहे. प्रजेने राजाविरुद्ध शस्त्र धरू नये, असे ग्रोशियसचे सामान्य मत होते; त्याने मान्य केलेले अपवाद थोडे आहेत. ही मर्यादा आपल्याला आज रुचणार नाही. परंतु प्रजेला जे करता येत नाही ते तिच्या वतीने दुसऱ्याला करता येईल, अशी पुस्ती त्याने जोडली. राजाचा जुलूम उघड आणि अमानुष असेल, तर बाहेरच्या राज्याने त्या प्रजेसाठी शस्त्र उचलणे न्याय्य ठरू शकते. याचा कोणी सबबीसाठी उपयोग करील, हे तो जाणून होता. पण दुरुपयोग होतो म्हणून हक्कच नाहीसा होत नाही, असे त्याचे म्हणणे. शिवाय फार मोठी हानी सोसून मदतीला धावण्याचे बंधन कोणावर नाही, असेही त्याने सांगितले. म्हणजे हा हक्क आहे, कर्तव्य नव्हे. आणि आणखी एक महत्त्वाची गोष्ट त्याच खंडात आहे. अन्याय्य युद्धांची कारणे मोजताना, लोकांचे भले करण्याच्या सबबीखाली त्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांच्यावर राज्य करू पाहणे, हे कारण त्याने त्या यादीत घातले आहे. थोडक्यात, दार त्याने उघडले नाही. किलकिले ठेवले, आणि आत शिरणाऱ्याचा हेतू तपासण्याची सूचनाही दाराशीच लिहून ठेवली.

त्याची उरलेली वीस वर्षे परदेशातच गेली. १६३१ मध्ये तो मायदेशी परतला. पण पुन्हा अटकेची भीती उभी राहताच त्याला देश सोडावा लागला. १६३५ पासून दहा वर्षे तो पॅरिसमध्ये स्वीडनचा राजदूत होता. १६४५ साली ख्रिस्तीना राणीने त्याला परत बोलाविले. स्टॉकहोमहून निघालेले त्याचे जहाज बाल्टिक किनाऱ्यावर फुटले. पावसापाण्यात प्रवास करीत तो रॉस्टॉकला पोचला आणि २८ ऑगस्ट रोजी तेथेच मरण पावला. ज्या देशाने त्याला जन्मभर बाहेर ठेवले, त्या देशात, त्याच्या डेल्फ्टमध्ये, त्याचे दफन झाले. तीन वर्षांनी वेस्टफालियाच्या तहांनी ते दीर्घ युद्ध संपले.

आता प्रश्न असा, की ग्रोशियसचे हे मत पुढे आंतरराष्ट्रीय कायदा झाले काय? विद्वानाने लिहिले म्हणून काही कायदा होत नाही. राष्ट्रांचा रूढ कायदा कसा घडतो, हे समजायला आपल्याकडील ‘वहिवाट’ हा शब्द उत्तम आहे. दुसऱ्याच्या शेतातून कोणी वर्षानुवर्षे जातो. तो दरवेळी मालकाची परवानगी घेऊन किंवा नजर चुकवून जात असेल, तर त्याला वहिवाटीचा हक्क मिळत नाही. तो उघडपणे, हक्काने गेला पाहिजे. राष्ट्रांचेही तसेच. नुसते कृत्य पुरत नाही. ते कायद्याने आपल्याला करता येते, या भावनेने केलेले असावे लागते आणि इतर राष्ट्रांनी ते तसे मानावे लागते. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतील अडतिसाव्या कलमाचा आशय हाच आहे.

या कसोटीवर इतिहास तपासला तर काय दिसते? १८२७ साली नवारिनोच्या समुद्रात ब्रिटन, फ्रान्स व रशिया यांनी ग्रीकांच्या बाजूने तुर्की आरमार बुडविले. १८६० साली फ्रान्सचे सैन्य ख्रिस्ती लोकांच्या रक्षणासाठी लेबनॉनमध्ये उतरले. ही कृत्ये मानवतेच्या नावाने झाली. पण ती बड्या सत्तांनी दुबळ्या होत चाललेल्या तुर्कस्तानवर केलेली होती. उलट कोणी या सत्तांच्या वसाहतींत जाऊन तेथील प्रजेचे रक्षण करावे, असे त्यांच्या स्वप्नातही आले नसते. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने तर बळाचा वापरच निषिद्ध ठरविला. स्वसंरक्षण आणि सुरक्षा समितीची संमती एवढेच अपवाद ठेवले.

म्हणूनच १९७१ साली भारताने बंगाली जनतेच्या यातनांचा पाढा जगापुढे वाचला, तरी कायद्याचा मुख्य आधार घेतला तो ३ डिसेंबरच्या पाकिस्तानी हवाई हल्ल्याचा, म्हणजे स्वसंरक्षणाचा. तरीही ७ डिसेंबरला आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदीची व सैन्ये मागे घेण्याची मागणी केली. १९७९ च्या जानेवारीत व्हिएतनामने पॉल पॉटची राजवट उलथली. पण कारण सांगितले सीमेवरील हल्ल्यांचे, आणि कंबोडियाची संयुक्त राष्ट्रांतील जागा पुढे कित्येक वर्षे त्या उलथलेल्या राजवटीकडेच राहिली. टांझानियाने इदी अमीनला हाकलले, तेही युगांडाच्या आक्रमणाला उत्तर म्हणूनच. माणसे वाचली, पण वाचविण्याचा हक्क कोणी उच्चारला नाही. १९८६ साली निकाराग्वाच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही मानवी हक्कांच्या रक्षणासाठी बळ हे योग्य साधन नव्हे, असा अभिप्राय दिला.

१९९४ मध्ये रुवांडात सुमारे आठ लाख माणसे मारली गेली आणि जग पाहत राहिले. १९९९ मध्ये नाटोने सुरक्षा समितीला न विचारता कोसोवोसाठी युगोस्लाव्हियावर ७८ दिवस बॉम्बहल्ले केले. गंमत अशी, की आंतरराष्ट्रीय न्यायालयात या कृतीचे समर्थन करताना बेल्जियमने पूर्व पाकिस्तानातील भारताच्या कारवाईचा दाखला दिला. आणि खुद्द भारत त्या बॉम्बहल्ल्यांच्या निषेधाच्या ठरावाचा सहप्रायोजक होता! यात विसंगती दिसते, पण ती केवळ संधिसाधू नाही. ज्यांनी दीड-दोनशे वर्षे परक्यांचे ‘कल्याणकारी’ राज्य सोसले, ते देश या दाराकडे संशयाने पाहणारच. २००० साली हवाना येथे विकसनशील राष्ट्रांनी हा कथित हक्क नाकारला तो याच अनुभवातून. त्याच वर्षी आफ्रिकी संघाने मात्र वंशसंहारासारख्या प्रसंगी सदस्य-राष्ट्रात हस्तक्षेप करण्याचा अधिकार आपल्या घटनेत लिहून घेतला. २००५ मध्ये संरक्षणाची जबाबदारी सर्व राष्ट्रांनी मान्य केली. पण बळाची किल्ली सुरक्षा समितीच्याच हाती ठेवली. २०११ साली त्या किल्लीने लिबियाचे दार उघडले. नागरिकांच्या रक्षणासाठी दिलेल्या संमतीचा शेवट सत्तापालटात झाला, आणि पुढच्या प्रसंगी संमती मिळणे आणखी दुर्घट झाले.

तात्पर्य, ग्रोशियसच्या मताची वहिवाट चारशे वर्षांतही पडलेली नाही. याचे दुःख मानावे की समाधान? माझ्या मते दोन्ही. प्रत्येक सुटकेमागे एक खातेवही असते, हे एलिझाबेथ राणीच्या गहाणखतापासून आपण पाहिले आहे. केवळ खातेवही आहे म्हणून सुटका खोटी ठरत नाही. डच लोक वाचले, बंगाली वाचले. पण ती वही उघडी असली पाहिजे. ज्यांची सुटका करायची त्यांनी मदत मागितली होती काय? सुटका करणारा काम होताच माघारी गेला काय? तोच न्याय तो आपल्या मित्रांच्या जुलमालाही लावतो काय? १९७२ च्या मार्चमध्ये भारताचे सैन्य बांगलादेशातून परत आले, ही गोष्ट कोणत्याही वकिली युक्तिवादापेक्षा अधिक बोलकी आहे. रूढी घडायचीच असेल, तर ती अशा माघारी येणाऱ्या पावलांनी घडावी.

ग्रोशियसने कंपनीसाठीही लिहिले आणि पीडितांसाठीही. त्याची लेखणी एकच होती, हे विसरून चालणार नाही. त्याने दार बंद केले असते तर रुवांडासारख्या प्रसंगी निष्क्रियतेला तत्त्वाचे कवच मिळाले असते. सताड उघडले असते तर प्रत्येक कूनला आपल्या स्वारीसाठी धर्मवचन मिळाले असते. ते किलकिले आहे, आणि पहारा आपल्याला करायचा आहे. लुव्हेस्टाइनच्या पहारेकऱ्यांनी कंटाळून पेटी तपासणे सोडले, त्यातून एक निरपराध सुटला. मानवतेच्या नावाने सरहद्दीपलीकडे जाणाऱ्या पेट्यांच्या बाबतीत तो कंटाळा आपल्याला परवडणारा नाही.